दडे बसले आणि सुटले

सर्दी असताना घाट उतरू नका राव, मी परवा पार माती खाल्ली.

कंपनीतल्या एकाचं लग्न होतं माणगावला. चाकणहून चौघं गाडीनं निघालो. मागच्या सीटवर मी आणि भट्टीवर काम करणारे निघोज्याचे दत्ताभाऊ. शिफ्ट सुटल्यावर घामेजलेले तसेच गाडीत बसलेले.

ताम्हिणी उतरताना माझ्या कानांत दडे बसले. बायकोनं निघतानाच बजावलं होतं, "नाकाच्या मागून कानाकडे बारीक नळी जाते, सर्दीनं ती चोंदते. दडे बसले तर नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटून हळूच फुंकायचं. नाहीतर घोट गिळायचा."

मी नाक धरलं. दत्ताभाऊंनी काच खाली केली. पुढच्या वळणावर मी परत धरलं. ते दाराला चिकटून बसले. मला वाटलं, घाट बघतायत.

खाली चहाला थांबलो. दत्ताभाऊ नळावर तोंड-हात धुऊन, लग्नातला शर्ट तिथंच चढवून आले. मी चहाचा पहिला घोट गिळला आणि फट्‌दिशी कान उघडला. पहिलं काय ऐकू यावं? दत्ताभाऊ पुढच्या सीटवाल्याला सांगत होते, "येताना तू मागं बस, मी फुडं बसतो. सायबांना माझा वास सोसंना."

मी धावलोच. "भाऊ, तसं नाही हो! सर्दीनं मला वासच येत नाहीये!"

"मंग नाक कशापायी दाबत व्हता?"

त्या टपरीवर मी त्यांना नाक, कान, नळी, सगळं समजावून सांगितलं. भाऊंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. पण दोन हात लांब उभं राहून.