चुलीच्या देवाचं तोंड

नाही नाही, असे नका निघू भाऊ. सिलिंडर लावलात, नळी तपासलीत, सगळं झालं, मान्य — पण आता माझं एक काम करा आणि मग जा. पाच मिनिटं. हात धुवा आधी, तिथं गरम पाणी आहे. काय काम म्हणजे? अहो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली तेवीस ना आज! तुमच्या घरी करत नाहीत? करता ना, मग झालं तर. हा बघा, भिंतीवर बसलाय बिचारा, कागदाचा देव, वर्षभर तेलाचा धूर खाऊन पार काळवंडलाय. पूर्वी चूल होती, आता खाली गॅसची शेगडी, पण त्यानं कधी तक्रार केली नाही. आज त्याला जाळून वर स्वर्गात पाठवायचं. आणि बाईमाणसानं चुलीच्या देवाला उदबत्ती लावायची नाही, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? ह्या घरात पुरुष नाही. खरं सांगू का — जुना सिलिंडर अजून पाव भरलेला होता. तुम्हाला बोलवायला काहीतरी निमित्त हवं ना! हसू नका, हसू नका. आडनाव काय म्हणालात? झांग? घ्या! ह्या देवाचं आडनावही झांगच की. म्हणजे तुम्ही तर देवाचे भाऊबंद निघालात, आता सुटका नाही तुमची.

आमचे हे होते तोवर मला काही बघावं लागलं नाही. हेच सगळं करायचे, कोंबडा काखेत धरून — तो देवाचा घोडा ना — आणि असं काहीतरी पुटपुटायचे, की मी विचारलं तर म्हणायचे, पुरुषांचं बोलणं आहे, तुला काय करायचंय. मला वाटतं त्यांना येतच नव्हतं काही. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. मागच्या साली दिरांनी केलं, ते आता लेकाकडे शहरात राहायला गेले. मला म्हणाले, वहिनी, शेजारच्या कुणाला तरी बोलवा. शेजारी म्हणजे ती पलीकडची हू-बाई, भिंतीवरून मान काढून बघत असते दिवसभर. तिच्या नवऱ्याला बोलवायचं म्हणजे वर्षभर ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा तुम्ही बरे. तुम्ही फार बोलत नाही.

ही तिळाची चिकट कांडी. जरा ऊब दिली की विरघळते, ती ह्याच्या तोंडाला फासायची. नीट फासा, हात आखडू नका. वर गेला की मोठ्या देवाला घरातलं सगळं सांगतो ना हा, म्हणून तोंड गोड करायचं — गोड कसलं, चिकटवूनच टाकायचं. यंदा जरा जास्तच लावा. का? असंच. म्हातारीच्या घरात काय असणार सांगण्यासारखं! आणि ह्या भाजलेल्या भाकऱ्या, माणशी एक. आज जो घरात असतो त्याला हा मोजून घेतो, त्याचं वर्षभर बघतो. दोन केल्यात. एक माझी. दुसरी — घ्या ना तुम्ही, गरम आहे, घ्या. कुणाची नाही. सवयीनं झाली. नाही, सवयीनं नाही. सकाळी लेक आली होती, तेव्हा पीठ मळत होते, तर हातानं आपोआप दोघींचं मळलं.

सूमेई नाव तिचं. इथून सहा कोसांवर दिली, ल्यूवानला. आली आपली, सकाळी सातला, पिशवी घेऊन. मी म्हटलं, अगं बाई, आज कुठं आलीस! दिल्या घरच्या लेकीनं आजच्या दिवशी माहेरची चूल बघायची नसते, माहेराचं वाटोळं होतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बरोबर ना? तुमच्याकडेही असंच ना? तुमच्या बायकोला पाठवाल तुम्ही आज माहेरी? नाही ना. मग माझं काय चुकलं? उपाशी नाही पाठवली. शेवयांचा वाडगा दिला, वर अंडं घालून — अंगणात दिला, आत नाही घेतली. बर्फ होतं अंगणात. उभ्यानंच खाल्लं तिनं. पलीकडून हू-बाईची मान वर आलेली होतीच. म्हणून मी जरा मोठ्यानं म्हटलं, आठ दिवसांनी ये हं, नवं वर्ष लागलं की जावयांना घेऊन ये. जावयांना घेऊन ये, म्हटलं. तिनं पिशवी उचलली. अकराच्या गाडीत बसवून दिली.

डाव्या हातानं खात होती ती. डावखुरी नाही हो माझी लेक. उजवा हात बाहीतून बाहेरच काढला नाही. मला वाटलं थंडीनं. नाही — मला तसं वाटलं नाही. मी बघितलं. वाडगा देताना बाही वर सरकली आणि मी बघितलं, मनगट हे एवढं सुजलेलं, काळंनिळं, आणि मी काय केलं, तर अंड्यावर अजून थोडं मीठ घातलं. पिशवीत तिचे उन्हाळ्यातले कपडे होते, भाऊ. चार दिवसांसाठी आलेलं माणूस उन्हाळ्याचे कपडे आणतं का? आणि मी तिला सासरच्या त्याच दारात परत पाठवली. कशासाठी, तर माझ्या घराचं वाटोळं होऊ नये म्हणून. बघा ना, बघा एकदा ह्या घराकडे. वाटोळं व्हायला शिल्लक काय आहे इथं?

दुपारपासून फोन लावतेय. बंद आहे.

थांबा. नका फासू. द्या ती कांडी इकडे, आणि पुसा ते तोंडाला लागलेलं. नीट पुसा. जाऊ दे त्याला उघड्या तोंडानं, काय सांगायचं ते सांगू दे माझ्याबद्दल. नाहीतर असं करा, राहू दे भिंतीवरच, जाईल उद्या, नाही गेला तर नाही गेला. गॅस बंद केला का मी? केला. तुमच्या तीनचाकीत मागे ते सिलिंडर बाजूला सारले तर दोन बायका बसतील ना? मला ल्यूवानला न्या. तुमच्या वाटेवर नाही, ठाऊक आहे मला. उठा, अंधार पडायच्या आत पोचायचं. दार राहू दे उघडं, येताना ती पुढं असेल, तिला सरळ आत जाता आलं पाहिजे. आणि वाटेत माझ्याशी काही बोलू नका.