कोरडी हवा

माझ्या हट्टापायी पीएच.डी. झाली, बुद्धीचा भाग नंतरचा. ऐंशीच्या आसपास नाशकात कॉलेजात शिकवत होतो. काचपट्टीवर सिलिका आणि कार्बनचा पातळ थर द्यायचा आणि त्यातून वीज किती वाहते ते मोजायचं, एवढाच विषय. पण मी आकडा वाचला की जास्त यायचा, आमचे प्रयोगशाळेतले शिपाई गांगुर्डेमामा वाचायचे तेव्हा कमी. तीन महिने हेच. गाईड म्हणाले, "विषय बदला." म्हटलं, "नाही बदलणार."

शेवटी मामांवर घसरलो. "तुम्ही मीटरचा काटा नीट बघत नाही."

"बघतो की, सर. चाळिशीमुळं मला लांबूनच दिसतं. तुम्ही मात्र मीटरपुढच्या त्या काचपट्टीला पार नाक लावता. तुमच्या श्वासाची वाफ बसत असंल तिच्यावर."

मी श्वास रोखून वाकलो. काटा उतरत उतरत मामांच्या आकड्यावर थांबला.

मग सगळी मोजणी पहिल्यापासून केली, श्वास रोखून. प्रबंधात लिहिलं, 'मोजमापं कोरड्या हवेत घेतली.' तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच धरलं. "इथे कसली सोय नाही. हवा कोरडी ठेवलीत कशी?"

म्हटलं, "फार कष्टाने, सर."