टाकीचं अस्तर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी, पालकमंडळी, आणि मागे खिडकीच्या कठड्यावर चढून बसलेल्या (खाली उतरा गं आधी!) वसतिगृहाच्या मुलींनो, सर्वांना माझा नमस्कार.

आज आपल्या शिवणाच्या बाई निवृत्त होत आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या शिस्तीचं, त्यांच्या खड्या आवाजाचं कौतुक केलं. मला मात्र पटांगणाखालच्या टाकीबद्दल बोलायचं आहे. निरोपाच्या कार्यक्रमात टाकी कुठून आली, असं मनात आलं असेल. जरा दम धरा.

नव्या मुलींना ठाऊक नसेल, पण पूर्वी उन्हाळा लागला की वसतिगृहाचे नळ कोरडे पडत आणि मुलींना घरी धाडावं लागे. गेलेल्या साऱ्या परत येत का? कुणाच्या कडेवर धाकटं भावंड येई, कुणाचं लग्न ठरे. शेवटी संस्थेने ठरवलं, गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायचं. ते जमलं नाही, तर वसतिगृह कायमचं बंद.

खड्डा झाला, भिंती झाल्या. आजचे आपले अध्यक्ष तेव्हा चिटणीस होते. शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाले, "आता फक्त अस्तर घालायचं राहिलंय."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग मापं घ्यायला कधी येऊ?"

खोलीभर हशा पिकला. "अहो बाई, झग्याचं नव्हे, टाकीचं! जाड प्लास्टिकचं!"

"अस्तर ते अस्तर," म्हणत बाई गळ्यात टेप अडकवून निघाल्यासुद्धा.

प्लास्टिकचे जोड गरम हवेने सांधणारा कारागीर आपल्या कामात पक्का होता. दोघांची पहिल्याच दिवशी जुंपली आणि गट्टीही जमली.

"ताणून बसवू नका हो. पाण्याचं वजन आलं की फाटेल. अस्तर सैल हवं."

"तेच करतोय बाई."

"करताय ते दिसतंय. म्हणूनच तर सांगतेय!"

मोसमाच्या सुरुवातीचं पाणी गच्ची धुऊन बाहेर सोडून द्यायचं, हे कारागिराने सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "बरोबर. कापडही बेतण्याआधी धुऊन घेतातच." आत डास जाऊ नयेत म्हणून नळीच्या तोंडाला जाळी, उजेड शिरून शेवाळ धरू नये म्हणून वर घट्ट झाकण. बादली बुडवायची सक्त मनाई.

कोपऱ्यांतल्या चुण्या मात्र बाईंनी स्वतः घातल्या. कारागीर जेवायला गेला आणि प्लास्टिक घसरायला लागलं. चुणी घसरली तर शिवणारी बाई काय करेल? टाचण्या लावेल. त्यांनी लावल्या. तो परतल्यावर एकूण एक काढल्या आणि डबीत ठेवल्या.

टाकी भरली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि पाणी हळूहळू उतरायला लागलं.

तातडीची सभा भरली. सगळ्यांचा रोख कारागिरावर होता. जोड कच्चे, माणूस कामचुकार, वसतिगृहाला टाळं लावा. तो बिचारा मान खाली घालून उभा होता. तेवढ्यात बाई उठल्या.

"त्याचा एकही जोड उकललेला नाही. टाचण्या माझ्या होत्या."

"टाचण्या? टाकीत?" चिटणीस ओरडले.

"सगळ्या परत डबीत आहेत."

"टाचण्या डबीत आल्या हो बाई, भोकं आली का डबीत?"

अध्यक्ष महोदय, तुम्ही आत्ता हसताय, तेव्हा हसला नव्हता! बाईही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कापडात टाचणी काढली की भोक मिटतं. प्लास्टिकचा स्वभाव मला माहीत नव्हता. टाकी रिकामी करून द्या, भोकं मी शोधते."

पाणी पिंपांत काढलं. बाई आणि कारागीर अनवाणी आत उतरले. मी वरून दिवा धरला होता.

"काहीच दिसत नाही हो बाई."

"दिसायला कशाला हवं? मीच लावल्यात ना!"

जन्मभर त्या चार बोटांच्या अंतराने टाचणी लावत आल्या. हाताला तीच सवय. चार बोटं ठेवायच्या, पुढे नख टेकवायच्या, "इथे." तो तिथे ठिगळ सांधायचा. पुन्हा चार बोटं, पुन्हा "इथे." ज्या सवयीने घात केला, तिचंच बोट धरून त्या भोकापर्यंत पोहोचल्या. आमच्या शाळेत न चुकणारे शिक्षक पुष्कळ झाले. भर सभेत चूक सांगून ती स्वतःच्या हाताने निस्तरणाऱ्या याच. त्यांच्या शेजारच्या टेबलावर माझी सारी नोकरी झाली, याचा मला अभिमान वाटतो.

मग पाऊस झाला, टाकी पुन्हा भरली आणि पाणी जागचं हललं नाही. त्याच सुमारास एका मुलीचे वडील तिला कायमचं घरी न्यायला आले. बाईंनी त्यांना आधी टाकीकडे नेलं, झाकण सरकवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, "तुझे कपडे खोलीतल्या फळीवर लाव. ट्रंक मी घरी नेतो. ती इथे समोर दिसत राहिली तर तुला उगाच घरी यावंसं वाटेल."

पुढच्या उन्हाळ्यात वसतिगृह उघडं राहिलं. तेव्हापासून प्रत्येक उन्हाळ्यात उघडं आहे.

संस्थेने मला बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द वावगा गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि बाई, तुम्हाला न विचारता हे सगळं सांगितलं, त्याबद्दल कार्यक्रम संपल्यावर हवं तेवढं रागवा. इथे मात्र उभ्या राहा. मुलींना तुम्हाला बघायचंय.