लंडनची शांत मुलगी

‘घरातलीच आहे, गप्प आहे, आणि इथे जाणार तरी कुठे? मग पाळणाघराच्या रांगेत कशाला थांबायचं?’ — असं माझ्या नवऱ्याला म्हणाल्या कादंबरीताई, माझ्या नणंद, आणि मी जाळीच्या दारापलीकडे बाल्कनीत त्यांच्याच बाळाची झबली वाळत घालत होते. मला ऐकू जावं म्हणून नव्हतंच ते. — नाही काकू, तुम्ही विचारलंत ना, ‘तू या दुकानात कशी’, म्हणून सांगतेय, नाहीतर मी एवढी बोलत नाही. विचारा कुणालाही. आमच्या इमारतीत मराठी घरं आहेत पाच-सहा, त्यांना माझं नाव ईश्वरी आहे हे कळायला गणपती यावे लागले. बसा ना, ते स्टूल गिऱ्हाइकांसाठीच आहे. मोरी-सान काही म्हणणार नाहीत. दुकान त्यांचं आहे, पण एकदा मागे सीड्या पुसायला बसले की त्यांना भूकंपसुद्धा कळत नाही.

फोनमधला फोटो दाखवा परत. हो, हीच. जोसी वेअर. तुमच्या मुलाला आवडते? मग त्याला तिचा पुढचा आवाज माहीत असणार — तो जाडाभरडा, चाळणीत खडे हलवल्यासारखा, ज्याच्यावर ती एवढी मोठी झाली. हे त्याच्या आधीचं. पहिलंच सिंगल, म्हणजे एखाद-दुसऱ्या गाण्याची सीडी, तिला कुत्रंही ओळखत नव्हतं तेव्हाचं. तिकडे इंग्लंडमध्ये साफ पडलं. इथल्या जपानी कंपनीने तरीही काढलं, ही अशी तळहाताएवढी सीडी, आणि तिला हे लांबुडकं पुठ्ठ्याचं पाकीट. फोटो बघा ना तिचा. केस कानामागे, हात मांडीवर, बघायला आलेत आणि चहा द्यायचा आहे असं तोंड. वर जपानीत काय छापलंय माहितीये? ‘लंडनची शांत मुलगी’. मोरी-साननी वाचून दाखवलं. मी हसले. ते का हसलीस म्हणाले, पण ते समजावून सांगण्याएवढं जपानी मला येत नव्हतं.

आणि ही जी मधोमध घडी पडलीये ना, ती माझी कामगिरी. म्हणून तुम्हाला देत नाहीये, तुम्हाला कोरी हवी असणार. झालं काय, मी इथे नुसती यायचे. घरी सांगायचे, जपानीच्या क्लासला जाते — क्लास होताच, पण तासाभराचा, आणि मग घरी जाऊन काय तर ताईंच्या घरची किल्ली आणि बाळाची पेज. लग्नाला सहा महिने झालेत, आणि ताई खालच्या मजल्यावर. इथे कुणी काही विचारत नाही. तासभर उभं राहा, सीड्या बघा, कुणी ‘काय पाहिजे’ म्हणत नाही. मग एकदा मोरी-सान हा गठ्ठा खणात ठेवायला धडपडत होते, पाकिटं लांब, खण आखूड. मी म्हटलं, द्या. पाकिटाला घडीची रेघ असतेच हो, आतल्या प्लॅस्टिकलाही खाच असते, मोडायची सोयच करून ठेवलेली. मी आपल्या पुणेरी शिस्तीत कटाकट मोडून, घड्या घालून, खण बंद करून दिला. त्यांचा चेहरा बघायला हवा होतात. ओरडले नाहीत, इथे ओरडत नाहीत. नुसतं ‘आऽऽ’ म्हणाले, आणि खाली बसले. नंतर कळलं, घडी न पडलेली तीच जपून ठेवतात लोक. कंपनीने मोडायसाठी केली, आणि ज्याने मोडली नाही तो शहाणा. मला रडू यायला लागलं. तर ते म्हणाले, न मोडलेली कुणी लावत नाही, आता ही झालीच आहे तर ऐकू या.

तेव्हा ऐकलं हे. गाणं काही नाही हो, गोड गोड, साखर जास्त झालेल्या शिऱ्यासारखं, तिच्या गळ्याला चिमटा लावून म्हणवून घेतल्यासारखं. पण शेवटी — तिकडच्या सीडीत हे कापलंय, इथे कुणाच्या तरी चुकीने राहिलं — वाद्यं थांबतात, आणि ती बोलते. खऱ्या आवाजात, त्याच जाड्या. म्हणते, ‘एकदा माझ्या पद्धतीने म्हणू का?’ आणि लांबून एक पुरुष, अगदी प्रेमाने हं, म्हणतो, ‘गरज नाही.’ संपलं.

मी परत लावायला सांगितलं. मोरी-सान मला चहा देऊन मागे गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं केलं.

पुष्करही प्रेमानेच बोलतो. माझा नवरा. तो वाईट नाही, तसं समजू नका. सॉफ्टवेअरमध्ये आहे, शर्टाला इस्त्री स्वतः करतो, माझ्या आईला दर रविवारी आठवणीने फोन लावून देतो. बाल्कनीतलं ते ऐकल्यावर मला वाटलं, आता तो ताईंना काहीतरी म्हणेल. ‘तिला विचारू’ एवढं तरी. तर तो — जाऊ दे. तुम्ही तुमची सीडी बघा. — तर तो म्हणाला, ‘अगं, म्हणून तर हिला पसंत केली.’ हसत. जसं आपण म्हणतो, सोफा बघ, म्हणून तर हा घेतला, भिंतीला बरोबर बसतो. मी झबली वाळत घातली सगळी. एकाला चिमटे दोन-दोन लावले, वारं फार असतं आमच्याकडे.

नंतर मला कुणी काही विचारलंच नाही काकू, तीच तर गंमत. नुसतं गृहीत. ताई येत्या सोमवारी ऑफिसला परत रुजू होणार, आणि फ्रिजवर बाळाच्या झोपेच्या वेळा लागल्या. माझ्या फ्रिजवर. मुलगा गोड आहे हो, माझं बोट धरतो तर सोडत नाही, पण... मी कुणालाही न सांगता इमिग्रेशनच्या ऑफिसात गेले, माझ्या इथल्या रहिवासी कार्डाच्या मागे शिक्का मारून आणला, ठरावीक तास काम करायची परवानगी. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना तो घ्यावा लागतो. मोरी-साननी विचारलं होतं, त्याच सोमवारपासून येशील का, इंग्रजी सीड्या नीट लावायच्यात. मी हो म्हटलं. इथे मोठ्याने म्हटलं. घरी मात्र तीन आठवडे भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारतेय.

आज सकाळी मी ताईंना आणि पुष्करला दुकानाचा पत्ता पाठवला. ‘इथे या, काम आहे’ एवढंच. घरी मला बोलता येत नाही, घरी त्यांचा सोफा असतो. आता तुम्ही म्हणाल, इथे तरी बोलशील का? माहीत नाही. म्हणून तर तुम्हाला बसवून ठेवलं, खोटं कशाला बोलू — तोंडाला सवय व्हावी म्हणून. रागावलात?

त्या बघा, समोरून येतायत. निळा कोट, त्या ताई. बाळाची गाडी ढकलतोय तो पुष्कर. हसतोय, म्हणजे त्याला वाटतंय मी त्याच्या वाढदिवसाचं काही घेतलंय. तुम्ही उठा काकू, माफ करा, तुमच्या मुलाची सीडी मोरी-सान काढून देतील, कोरी, बिनघडीची. नाही, थांबू नका. जा तुम्ही. तुम्ही बघत असलात तर मी तुमच्याशीच बोलत बसेन.

ये पुष्कर. या ताई. गाडी दाराशीच राहू दे, मधली वाट अरुंद आहे. — नाही, काही घ्यायचं नाहीये. मी सोमवारपासून इथे कामाला येणार आहे. बाळाला मी सांभाळणार नाही. विचारलं असतंत तर कदाचित हो म्हटलं असतं, पण तुम्ही विचारलं नाहीत.