पाठमोरा

(दुपार. जेवणाच्या टेबलावर आई गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाह्या कापतेय. लेक दवाखान्यातली नर्सची पाळी संपवून थेट आलीय. बाबा खिडकीशी बसलेत.)

लेक: ...म्हणून पुढच्या दारानं नाही जायचं. तिथं पायऱ्या आहेत. मागे उतार केलाय, तिथून सरळ आत. गुरुवारी मला सुट्टी आहे. गाडी मैत्रिणीकडून घेते.

आई: बाजारात तुरी! कोण जाणार आहे, ते ठरलंय का आधी?

लेक: तेच ठरवायला आलेय ना, आई.

आई: तशीच? कपडे न बदलता? टेबलाला टेकू नकोस, लोकांचं कापड आहे.

बाबा: उतार कुठल्या दिशेला आहे?

लेक: म्हणजे?

बाबा: उत्तरेला की पूर्वेला?

आई: घ्या. भूगोलाचे मास्तर! उद्या जग बुडालं तरी आधी विचारतील, कुठल्या बाजूनं बुडतंय.

लेक: उत्तरेला असावा. भर उन्हात सावली होती तिथं.

बाबा: म्हणजे तू जाऊन आलीस.

लेक: हो. गेल्या आठवड्यात. तुम्हाला न्यायचं तर मी आधी बघायला नको? बसायला जागा आहे का, आत अंधार किती, वाटलं तर मध्येच बाहेर पडता येतं का...

आई: आणि मला सांगितलं नाहीस.

लेक: तू जाऊ दिलं असतंस?

आई: नसतंच दिलं. जिथून हा माणूस जिवानिशी सुटून आला, तिथं आपण होऊन पुन्हा न्यायचं? तिकीट काढून?

लेक: तिकीट नाहीये. फुकट आहे.

आई: मोठेच उपकार की!

लेक: आई, आता ते म्युझियम आहे. लष्कराच्या राजवटीत ज्यांना तिथं कोंडलं त्यांचं. शाळेतली मुलं येतात, वह्या घेऊन.

आई: मग मुलांना जाऊ दे. त्यांना माहीत नाही. यांना माहीत आहे.

बाबा: मला कुठं माहीत आहे?

आई: काय म्हणालात?

बाबा: मी ती जागा पाहिलेलीच नाही. नेताना डोळ्यांवर पट्टी होती, सोडताना होती, आणि मधला अख्खा हिवाळा होती. तो बर्फाचा कारखाना होता, हेसुद्धा मला पुढे पेपरात वाचून कळलं.

लेक: पट्टीचं ठाऊक होतं. पण मला वाटायचं, कधीतरी काढत असतील. जेवताना वगैरे.

बाबा: नाही. मी शेवटचं नीट पाहिलं ते वर्गातला फळा. मी नकाशा काढला होता. त्यात दोन गावं दाखवली. तिथली माणसं लष्करानं हुसकून लावली होती, आणि गावांची नावं घ्यायलाही बंदी होती. पण गाव आहे तिथं आहे, ते वगळून नकाशा कसा काढायचा? पुढच्या तासाला वर्गातूनच घेऊन गेले. खडू हातातच होता.

आई: तेव्हा आमचं लग्न ठरलं होतं, बरं का. माझा लग्नाचा पोशाख कापून तयार... नाही, शिवून तयार होता म्हणायचं. बघ, बोलता बोलता बाही वाकडी कापली असती मी.

लेक: ठेव ना कात्री जरा वेळ.

आई: हात रिकामे राहिले की मला सुचत नाही.

बाबा: त्या फळ्यावर नदी होती. पांढऱ्या खडूची. ती तिथं आलीय.

लेक: कुठं, बाबा?

बाबा: माझ्या तिथल्या जागेत. मी जाऊन येतो ना अधूनमधून. झोपेत.

आई: हे मला कधी बोलला नाहीत.

बाबा: तू कधी विचारलं नाहीस. मोठं दालन आहे. छत दिसतच नाही, वर नुसतं धुकं. भिंती निळसर, आणि हात लावला की गार. खाली घोट्याएवढं पाणी, पण पाय भिजत नाहीत. पलीकडे भिंतच नाही. तिथून ती नदी सुरू होते. बोट बुडवलं की बोटाला खडू लागतो. आणि काठावर आम्ही सगळे बसलेलो असतो. कुणाच्याही डोळ्यांना पट्टी नसते.

लेक: भीती वाटते?

बाबा: मुळीच नाही. छान वाटतं. तेच तर सांगायला लाज वाटते.

आई: एक विचारू? झोपेत तुम्ही "सरक जरा" म्हणता, ते तिथलंच का?

बाबा: म्हणतो का मी?

आई: लग्न झाल्यापासून! मी आपली मुकाट सरकते. एकदा तर पलंगावरून खाली पडले. मला वाटायचं, मलाच म्हणताय.

लेक: आई!

आई: हस, हस. कमरेला लागलं ते माझ्या.

बाबा: दाटीवाटीनं निजायचो आम्ही. एकानं कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची. माझ्या शेजारी शिट्टी असायचा. त्यालाच म्हणत असेन.

लेक: शिट्टी?

बाबा: नाव नाही माहीत. नावं सांगायची नाहीत असं ठरलं होतं. मारलं तरी आपल्या तोंडून दुसऱ्याचं नाव जायला नको. मला सगळे "नकाशा" म्हणायचे. एक "खोकला" होता. आणि हा शिट्टी. विशीतला असेल, आवाजावरून. रात्र झाली असं वाटलं की हलकेच शिट्टी वाजवायचा. चाल वगैरे काही नाही. वर चढायची, थबकायची आणि तिथंच थांबायची. मी एकदा विचारलं, पुढचं येत नाही का रे? तर म्हणाला, पुढं लागतच नाही, तेवढ्यात ती झोपते.

आई: कोण ती?

बाबा: त्याची धाकटी बहीण. अंधाराला भ्यायची. ती झोपेपर्यंत हा बाहेरच्या खोलीतून शिट्टी वाजवायचा, म्हणजे तिला कळावं, कुणीतरी जागं आहे. म्हणाला, इथंही अंधारच आहे, आणि तुम्ही सगळे तिच्याहून भित्रे. आम्ही हसलो. हसलो म्हणून मार बसला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू. बारीक आवाजात.

लेक: मग?

बाबा: मग एक दिवस माझ्या शेजारची जागा गार लागली.

आई: पाणी पिता का?

बाबा: नको. तू काप. कात्रीचा आवाज बरा वाटतो.

लेक: नदीकाठी तो असतो का, बाबा?

बाबा: असतो. नेहमी पाठमोरा. मी चालत चालत त्याच्या पुढं जायला बघतो, तर नदी वळते आणि पुन्हा त्याची पाठच येते माझ्याकडे. म्हणून म्हणतो, पोरी, मला गुरुवारी नको नेऊस. खरी जागा एकदा बघितली की ही पुसली जाईल. मी म्हातारा झालोय, मला काय, कुठंही बसेन. पण ती सगळी तिथं राहतात. ती कुठं जातील?

आई: ऐकलंस? झालं समाधान? आता तो विषय बंद.

लेक: नाही होणार बंद, आई. मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

आई: आता आणखी काय?

लेक: तिथं एक भिंत आहे फोटोंची. जे आत गेले आणि परत आले नाहीत त्यांची. पण वाटेल त्याचा फोटो लावत नाहीत. तो तिथं होता असं सांगणारं कुणीतरी लागतं, आतून सुटून आलेलं. नुसत्या घरच्यांच्या म्हणण्यावर नाही. घरच्यांना तरी कुठं कळवलं होतं, कुणाला कुठं नेलं ते?

बाबा: बरोबर आहे. खात्री करायला हवीच.

लेक: मागच्या अंगणात एक बाई बसल्या होत्या. साठीच्या असतील. ठेंगण्या, केस पांढरे. पिशवीत फ्रेम केलेला फोटो. तिथला गाइड म्हणाला, दर गुरुवारी येतात. आत कधी जात नाहीत. कुणी सुटून आलेला माणूस म्युझियम बघायला आला, की तो बाहेर पडताना त्याला गाठतात आणि एकच विचारतात.

आई: काय?

लेक: तुम्ही आत कुणाची शिट्टी ऐकली होती का?

आई: अगं आई गं.

लेक: गाइडनं सांगितलं तेव्हा मला त्याचा अर्थच लागला नाही. म्हटलं, असेल काहीतरी खूण. आत्ता बाबा बोलले तेव्हा लक्षात आलं.

बाबा: साठीच्या?

लेक: हो, बाबा.

बाबा: ती तर लहान आहे. फ्रॉक घालते. समोरचे दात पडलेत, असं तो म्हणायचा.

लेक: बाबा, किती वर्षं झाली.

बाबा: हो. झाली खरी. आणि अजून कुणीच हो म्हटलं नाही तिला?

लेक: तुमच्याजवळ निजणारे किती जण परत आले?

बाबा: खोकला आला होता. पण तो वारला. बाकीच्यांचं ठाऊक नाही.

लेक: मग राहिलं कोण?

बाबा: पण मी त्याला बघितलेलं नाही. मी कसली साक्ष देणार?

लेक: ऐकलंय ना?

(कात्री थांबते.)

आई: अहो, मी सांगू का? मी मघापासून नाही नाही म्हणतेय. तुम्हाला नेलं तेव्हा मी सगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. जो तो म्हणायचा, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. एकजण तर म्हणाला, पळून गेला असेल, लग्न नको म्हणून. तुम्ही परत आलात म्हणून ते खोटं ठरलं. नसता आलात तर मीही त्या बाईसारखीच बसले असते. कुणाच्या तरी तोंडाकडे बघत.

बाबा: म्हणजे जायचं म्हणतेस?

आई: जायचं. मीही येणार. कोटाचं गिऱ्हाईक थांबेल एक दिवस.

लेक: आत नाही जायचं, बाबा. अंगणातच बसू आणि परत येऊ. दार उघडं असतं, पण त्याच्याकडे पाठ करून बसता येईल. तुमची नदी तिथंच राहील.

बाबा: खोली किती मोठी आहे? खरं सांग.

लेक: तुम्ही म्हणाल तर सांगते.

बाबा: सांग.

लेक: लहान आहे. मी हात वर केला तर छताला लागला.

बाबा: असं होय. माझा कधी लागला नाही. हात मागे बांधलेले असायचे.

आई: आणि त्या बाईंना सगळं नका हो सांगू. माराचं वगैरे. एवढी वर्षं थांबलीय बिचारी, तिला जरा बरं ऐकू दे.

बाबा: ती विचारेल तेवढं सांगेन. ती शिट्टी मला नीट येत नाही, पण कुठं थांबायची ते दाखवता येईल.

लेक: मग गाइडला फोन करून ठेवते. सांगू काय? वडील येताहेत, त्यांना त्या बाईंच्या भावाबद्दल बोलायचंय, असं?

बाबा: बोलायचंय, आणि विचारायचंही आहे.

लेक: काय?

बाबा: तो दिसायचा कसा.