फितीवरचं लुगडं

चहा निवला तरी चालेल, आधी धुळ्याचं ऐका. पांझरेकाठी नवा घाट झाला, फिरायला रस्ता झाला आणि उद्घाटन ठेवलं घटस्थापनेच्या आदल्या दिवशी! त्या दिवशी घरोघरचं बठ्ठं, म्हणजे झाडून सगळं कापड नदीवर धुवायला येतं, हे इथल्या कुणीही सांगितलं असतं. पण महापालिकेच्या साहेबांनी विचारायला हवं ना!

मी पेपरासाठी बातमी आणि फोटो घ्यायला पोचलो तेव्हा कठडाभर गोधड्या वाळत होत्या. जागा उरली नाही म्हणून एका अक्कांनी नऊवारी लुगडं थेट उद्घाटनाच्या फितीवर टाकलं होतं.

“काढा ते! हा घाट लोकांच्या विरंगुळ्यासाठी आहे,” साहेब ओरडले.

“मंग आम्ही लोक नही का?” अक्कांनी विचारलं.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. त्यांनी घाईघाईत फीत कापली, लुगडं धुळीत पडलं आणि टाळ्या वाजल्या. अक्का तरातरा पुढे आल्या.

“उद्या घट बसतस, मी काय नेसू? चला भाऊ, धुवा आते!”

पाहुणे बाह्या सरसावून पाण्यात उतरले. लुगड्याच्या एका टोकाला अक्का, दुसऱ्या टोकाला पाहुणे, आणि दोघांनी मिळून ते खळबळून पिळलं. मी नेमका तेव्हाच फोटो काढला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. “तो फोटो नको, भाषणाचा छापा.”

मी म्हणालो, “साहेब, भाषणात सगळे नदीकडे पाठ करून बसले होते. तुमच्याकडचा नदीत उतरलेला हा एकच माणूस आहे. तो पहिल्या पानावर जाणार!”