जिन्याखालचं कपाट

दुरुस्तीच्या दुकानात एक आजोबा आपली बिघडलेली इस्त्री मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या पुढचा नंबर एका माय-लेकाचा होता. लेक मेकॅनिकला सांगत होता आणि दुकानभर ऐकू येत होतं.

“नवाकोरा फ्रिज, पण भट्टीसारखा तापतोय.”

“ठेवलाय कुठे?”

“जिन्याखाली. सुताराकडून खास कपाट करून घेतलंय, अगदी मापात. मुंगी शिरायला वाव नाही.”

“मग हवा कुठून शिरणार साहेब? मागे आणि बाजूला वीतभर जागा लागते. कपाट काढा, नाहीतर एक दिवस आग लागेल.”

“कपाट कसं काढू? आला-गेला त्याचं कौतुक करतो. त्यापेक्षा फ्रिज खिडकीजवळ आणतो, आईच्या खाटेच्या जागी.”

“आणि मी कुठे झोपू?”

“तू जिन्याखाली झोप ना आई. कपाटाची दारं काढून देतो. आत ऊबही असते.”

“फ्रिजला वीतभर हवा लागते. दमेकरी म्हातारीला किती लागते, तेही विचारून घे यांना.”

“तू प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतेस.”

“बरं, नाही फोडत. मेकॅनिकदादा, कपाट मोडून टाकलं तर फ्रिज जिन्याखाली चालेल ना?”

“चालेल की आजी. हवा खेळली म्हणजे झालं.”

“मग घरी याल तेव्हा हातोडा घेऊन या.”

“आई, सागवानी कपाट आहे ते.”

“असू दे. सागवान चुलीत चांगलं जळतं.”